मुशीतून सुटलेली नाणी

(सुरत येथे भरलेल्या मराठी नाणेसंग्राहकांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



सुरतेत मराठी माणूस भाषणाला उभा राहिला की ऐकणाऱ्याला दोन तारखा आधीच आठवलेल्या असतात. एक जानेवारी 1664, दुसरी डिसेंबर 1907. दुसरीत काँग्रेसच्या मंडपात जोडा फेकला गेला होता; त्या प्रकरणाला आज मी हात लावत नाही. पहिलीला लावणार आहे, पण तलवारीच्या बाजूनं नव्हे, थैलीच्या बाजूनं.

संयोजकांनी विषय दिला आहे तो चांदीच्या जुन्या डॉलरांचा: ते किती दुर्मिळ आहेत आणि कोणत्या स्थितीत मिळतात. निमंत्रण पाहून एक-दोघांनी विचारलं, सुरतेत डॉलर कशाला? आपल्याकडे राणीछाप रुपये थोडे आहेत का? त्यांना माझं उत्तर असं की, डॉलर गिळण्यात या शहराची बरोबरी करणारी ठिकाणं जगात फार नसतील.

अकबरानं 1573 मध्ये गुजरात जिंकला आणि सुरत मुघलांची झाली. पुढं जहांगीर, शहाजहान, औरंगजेब यांच्या काळात इथल्या टांकसाळीतून चांदीचा रुपया अखंड बाहेर पडत होता. त्याला लागणारी चांदी आपल्या मातीत नव्हती. ती मेक्सिकोतून आणि पेरूतून निघे, स्पेनच्या राजाची छाप घेऊन आठ रियालांचं जाडजूड नाणं बने आणि अर्ध्या जगाला वळसा घालून सुवाळीच्या बंदरावर उतरे. काही लंडन-ॲमस्टरडॅमहून कंपन्यांच्या जहाजांत, काही मोखा आणि तांबड्या समुद्राच्या वाटेनं, काही मनिलाहून. हाच तो स्पॅनिश डॉलर. अमेरिकेचा डॉलर पुढं याच वजनाच्या आधारानं जन्माला आला.

सुरतेत उतरलेल्या या डॉलराचं आयुष्य फार थोडं असे. मुघल मुलखात बादशहाच्या नावाचंच नाणं चाले. परदेशी नाणं म्हणजे नुसती चांदी. ते तोलायचं, कसाला लावायचं, मुशीत घालायचं आणि टांकसाळीचा खर्च नि सरकारी हक्क वजा करून रुपये न्यायचे. एका स्पॅनिश डॉलरात साधारण सव्वादोन रुपयांची चांदी भरे. बरं, रुपया झाला म्हणून त्याचं मोल स्थिर राही असंही नाही. चालू वर्षाचा नवा तो सिक्का, त्याच बादशहाचा पण आधीच्या वर्षाचा तो चलनी, आणि मागच्या बादशहाचा तो खजाना. सराफ प्रत्येकावर वेगळा बट्टा कापत. मग शहाण्या माणसानं काय करावं? जुनं नाणं पुन्हा टांकसाळीत न्यावं.

या व्यवस्थेत जुनं नाणं घरात ठेवणं म्हणजे तोटा. आज आपण ज्या दुर्मिळतेचे दर लावतो तिचं मूळ इथं आहे. लाखांनी डॉलर ज्या शहरात उतरले त्याच शहरात ते क्वचित सापडतात. किती पाडले यावरून नाण्याची दुर्मिळता ठरत नाही, मुशीतून किती सुटले यावरून ठरते. आजच्या भाषणात मला सांगायचं ते एवढंच आहे. बाकीचं सारं त्याचे पुरावे समजा.

आता 1664 कडे येतो. शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा मुघल अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि धनाढ्य व्यापारी विरजी व्होराचा वाडा लुटला गेला. त्या थैल्यांत रुपये होते यात शंका नाही. पण हल्ली प्रदर्शनांत 1664 पूर्वीचा सुरती रुपया ‘महाराजांच्या लुटीतला’ म्हणून दुप्पट भावानं पुढं केला जातो, त्याला काय आधार आहे? सुरतेचा रुपया व्यापारामुळं कोकणात, देशावर, खानदेशात सगळीकडे होता. लुटीच्या रुपयावर लुटीची खूण नसते. महाराजांच्या नावाची नाणी आपल्याला ठाऊक आहेत ती सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. चांदी आली ती बहुधा आली तशीच खर्ची पडली. विक्रेत्याच्या गोष्टीचे पैसे मोजू नका, नाण्याचे मोजा.

गोष्टच हवी तर खरी आहे, आणि ती सुरतेचीच आहे. जहांगीराच्या अखेरच्या वर्षांत नूरजहान बेगमेचं नाव रुपयावर आलं, आणि ते नाव घेऊन पडलेल्या नाण्यांत सुरत टांकसाळीचे रुपये आहेत. शहाजहान गादीवर बसल्यावर त्यानं ती नाणी परत घेऊन वितळवण्याचा हुकूम दिला असं परंपरेनं सांगितलं जातं. दुसरी गोष्ट शहाजहानचा मुलगा मुरादबक्ष याची. 1657च्या अखेरीस बापाच्या आजारपणाची बातमी लागताच या शहाजाद्यानं गुजरातेत स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं, सुरतेचा किल्ला घेतला, व्यापाऱ्यांकडून सक्तीचं कर्ज काढलं आणि आपल्या नावाचे रुपये पाडले. पुढच्या वर्षी औरंगजेबानं त्याला कैद केलं. त्याची कारकीर्द काही महिन्यांची आणि नाणीही तेवढ्याच काळातली. व्यापाऱ्यांची चांदी त्या रुपयांत गेली, आणि धनीच खजाना झाल्यावर त्यातले बरेच रुपये पुन्हा मुशीत गेले असणार.

असा मुरादबक्षी रुपया हाती आला तर त्याची स्थिती कशी जोखायची? अमेरिकन डॉलराची मोजपट्टी इथं निरुपयोगी आहे. हातोड्यानं पाडलेल्या रुपयाचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे. चकतीवर ठशाचा काही भाग उमटे, काही बाहेर राही. म्हणून चकाकणारा, न झिजलेला पण ‘सुरत’ ही अक्षरं आणि साल बाहेर राहिलेला रुपया मी दुय्यम मानतो. चार सराफांचे डाग खाल्लेला, कड दबलेला, पण टांकसाळ, साल आणि बादशहाचं नाव तिन्ही वाचता येणारा रुपया त्याच्यापेक्षा वरचा. माझं हे मत सगळ्यांना पटत नाही. बाजाराला तर मुळीच पटत नाही.

सराफाचा डाग हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. पेशवाईत पोतदार होते, सुरतेत सराफ होते, चीनमध्ये श्रॉफच म्हणत, आणि सगळ्यांची पद्धत एकच: नाणं तपासलं की छोटासा पंच मारायचा. परदेशी प्रतवारीत अशा नाण्याला सरळ ‘खराब’ म्हणून बाजूला काढतात. मला त्या डागात एका माणसाची सही दिसते. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षहरात राजा नहपानाच्या चांदीच्या सुमारे 13,250 नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता. प्रतवारीच्या भाषेत ती सगळी बिघडलेली नाणी. पण त्याच बिघाडामुळं क्षहरात हरले आणि सातवाहन जिंकले याचा धातूतला पुरावा आपल्या हाती आहे. साठ्यातली ‘स्वच्छ’ नाणी तेवढी कोणी वेचून घेतली असती तर?

कंपनी सरकारचा काळ मी थोडक्यात उरकतो, त्यातला मजेदार भाग तेवढा सांगतो. 1800 मध्ये सुरतेचा कारभार कंपनीनं नबाबाकडून काढून घेतला. सुरती रुपयाची पत इतकी की मुंबईच्या टांकसाळीतही तोच नमुना पाडायचं ठरलं. रुपयावर नाव शहाआलम बादशहाचं आणि राज्यारोहणाचं वर्ष 46. शहाआलम 1806 मध्ये वारला, तरी शेहेचाळिसावं वर्ष संपायचं नाव घेईना. अखेर 1 सप्टेंबर 1835 पासून कंपनीचा एकच रुपया लागू झाला, 180 ग्रेन वजनाचा, त्यात 165 ग्रेन शुद्ध चांदी. तेव्हा नाण्यावरचं साल म्हणजे पाडल्याचं साल, हे सुरतेत गृहीत धरू नका.

मुंबईत तर धरूच नका. ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेझा राणीचा थेलर तुम्हाला अधूनमधून दिसत असेल. त्यावर राणीची भरघोस छबी आणि 1780 हे साल. अरबस्तान आणि हबशाण या मुलखांत या नाण्यावाचून व्यवहार होत नसे, म्हणून राणी गेल्यावरही ते तेच साल घालून निरनिराळ्या देशांत पाडलं गेलं, आणि दुसऱ्या महायुद्धात ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही लाखोंनी पडलं. एडन, झांजीबार, हबशाण इथून परतलेल्या गुजराती घरांत ते निघालं तर नवल नाही. ‘अडीचशे वर्षांचा डॉलर’ म्हणून कोणी ते पुढं केलं तर आधी वजन करा. ते 28 ग्रॅमला किंचित जास्त भरायला हवं. मग ठशातले बारीक फरक पाहा. त्यावरून टांकसाळ ओळखता येते.

पण मुंबईचा खरा डॉलर दुसराच. 1895 पासून ब्रिटिशांनी पूर्वेकडच्या व्यापारासाठी एक डॉलर काढला. एका बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेतलेली उभी ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला चिनी अक्षरं आणि अरबी वळणाची मलायी अक्षरं. 26.95 ग्रॅम वजन, दहात नऊ भाग चांदी. तो मोठ्या प्रमाणावर पाडला मुंबईनं, थोडा कलकत्त्यानं. त्रिशुळाच्या मधल्या दात्यावर भिंगातून पाहिलंत तर इंग्रजी बी हे अक्षर दिसेल. तीच मुंबईची खूण. फोर्टातल्या टांकसाळीत पडलेला हा डॉलर भारतात चालला मात्र नाही. तो सिंगापूर, हाँगकाँग आणि चीनच्या बंदरांत गेला, तिथल्या सराफांचे डाग घेऊन फिरला. आपल्याकडे जे आहेत ते त्या वाटेनं परत आलेले.

त्यात 1935 सालचा पाहा. मुंबईत सुमारे 68 लाख पाडले गेले असा आकडा आहे, आणि तरी तो या मालिकेतला अवघड डॉलर गणला जातो, कारण त्यातले बहुतेक वितळवले गेले. ज्यानं फक्त ‘किती पाडले’ हा रकाना वाचला तो या नाण्याला हमखास चुकणार. आपल्या 1911 च्या पंचम जॉर्ज रुपयाचंही तसंच झालं. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, सरकारनं रुपया मागं घेतला आणि बहुतेक माल मुशीत गेला.

आता अमेरिकन डॉलर. मॉर्गन डॉलर म्हणून ज्याचं नाव तुम्ही ऐकलं आहे तो 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडला गेला. त्याच्या दुर्मिळतेचं एक मोठं कारण भारत आहे, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. पहिल्या महायुद्धात सरकारची खरेदी वाढली, सैनिकांचे पगार वाढले, आणि लोकांना कागद नको होता, चांदीचा रुपया हवा होता. सरकारनं नोव्हेंबर 1917 मध्ये एक रुपयाची नोट काढली, मग अडीच रुपयांची काढली. लोक नोट घेऊन रुपये मागायला जात होतेच. 1918च्या उन्हाळ्यात सरकारच्या तिजोरीतले रुपये संपत आले. तेव्हा अमेरिकेनं एप्रिल 1918 मध्ये पिटमन कायदा करून आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले. एकूण 27 कोटींहून अधिक डॉलर मुशीत गेले; त्यातल्या सुमारे 25 कोटी 91 लाख डॉलरांची चांदी ब्रिटनला भारतासाठी विकली गेली. विटा होऊन ती इथं आली आणि रुपये होऊन आपल्या आजोबा-पणजोबांच्या कनवटीला लागली.

हिशेब करून पाहा. अमेरिकन डॉलरात 24.06 ग्रॅम शुद्ध चांदी, आपल्या रुपयात 10.69. पुन्हा तेच सव्वादोन! सुवाळीला उतरलेल्या स्पॅनिश डॉलराचं जे सुरतेत झालं तेच अडीचशे वर्षांनी मॉर्गन डॉलराचं झालं. 25 कोटी 91 लाख डॉलर म्हणजे सुमारे 58 कोटी रुपयांची चांदी. तुमच्या घरच्या 1918, 1919 किंवा 1920च्या रुपयात कुठल्या तरी मॉर्गन डॉलराचा अंश असू शकतो. तो 1918चा रुपया आज बाजारात पोत्यांनी आहे आणि चांदीच्या भावाच्या थोडा वर विकला जातो. खानदेशातून आलेल्या आपल्या मंडळींना तर तो सांगायलाच नको. तो तिकडे माळेत ओवलेला सापडतो.

डॉलर वितळवताना कोणत्या सालचे, कोणत्या टांकसाळीचे किती गेले याची नोंद कोणी ठेवली नाही. म्हणून अमेरिकन संग्राहकाला आजही पाडलेल्यांचा आकडा ठाऊक असतो, उरलेल्यांचा नसतो. 1903 सालचा न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा डॉलर कित्येक दशकं त्या मालिकेतला शिरोमणी होता. नोव्हेंबर 1962 मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच सालच्या थैल्या निघाल्या. दीड हजार डॉलर दर सांगितलं जाणारं नाणं बघता बघता कोसळलं. उलट 1893 सालचा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर. एक लाखच पाडलेला. त्याची थैली अजून निघाली नाही, आणि तो राजासारखा बसून आहे.

स्थितीबद्दल आता थोडं कडक बोलतो. आजची एक ते सत्तर ही प्रतवारी विल्यम शेल्डननं 1949 मध्ये अमेरिकन तांब्याच्या सेंटासाठी मांडली. तिचा मूळ हेतू किमतीचं गुणोत्तर हा होता: सत्तरचं नाणं एकच्या सत्तरपट किमतीचं. सौंदर्याची ती परीक्षा नव्हतीच. 1980च्या दशकात खासगी कंपन्या नाणं प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून त्यावर आकडा छापू लागल्या. तेव्हापासून आपण नाणं पाहत नाही, डबीवरचा आकडा पाहतो. मॉर्गन डॉलरात हा आकडा एका गोष्टीवर फार अवलंबून असतो. ही नाणी हजार-हजारांच्या थैल्यांत एकमेकांवर आपटत राहिली, त्यामुळं राणीच्या गालावर... चुकलो, स्वातंत्र्यदेवीच्या गालावर, किती ओरखडे आहेत हे भिंगातून मोजतात. ते त्यांच्या नाण्याला शोभतं. आपल्या रुपयाला तीच पट्टी लावायची तर आधी आपली खोड मोडावी लागेल.

ती खोड म्हणजे घासणं. धनत्रयोदशीला तबकातली नाणी चिंचेनं, रांगोळीनं, आता तर दुकानातल्या रसायनानं घासली जातात. पूजेला मी आडवा येत नाही. पूजेचे दोन रुपये वेगळे ठेवा आणि संग्रहाचे बाहेर काढू नका. चांदीवर शंभर वर्षांत चढलेला निळसर-तपकिरी थर म्हणजे घाण नव्हे. तो गेला की त्याखालची टांकसाळीची चमकही जाते, आणि कोणतीही पॉलिश ती परत आणत नाही. कडी लावण्यासाठी डाक दिलेला, माळेसाठी भोक पाडलेला रुपया मात्र मी हिणकस म्हणणार नाही. कोणीतरी तो अंगावर मिरवला आहे. माळ मोडू नका. सुट्या दहा रुपयांपेक्षा अखंड माळ जास्त सांगते. सराफाकडून माळेतला रुपया मोडीच्या भावात घेऊन, भोक बुजवून, घासूनपुसून ‘एक्स्ट्रा फाइन’ म्हणून विकणारे आहेत. कडेवर भिंग फिरवा, दातेरी रेघा जिथं बोथट होतात तिथं ते काम दिसतं.

नकली मालाचंही एवढंच सांगतो. त्रिशूळवाल्या डॉलराच्या नकला चीनकडून ढिगानं येतात. बऱ्याच लोखंडी असतात आणि चुंबकाला चिकटतात. न चिकटणाऱ्याची घनता काढा. दहात नऊ भाग चांदीची घनता 10.3च्या आसपास यायला हवी. तराजू, पाण्याचा पेला आणि दोरा यात ते काम होतं. सहाव्या जॉर्जच्या 1939 च्या रुपयाला मोठा भाव आहे, म्हणून 1938च्या रुपयाचा शेवटचा आकडा कोरून 9 करतात. तिथं भिंगाशिवाय पैसे मोजू नका.

कायद्याचा मुद्दाही टाळता येत नाही. 1972च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. प्रतवारीसाठीही नाही. म्हणजे 1918चा रुपयाही आता त्या कक्षेत आला. जमिनीत सापडलेल्या साठ्याला 1878चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. हा कायदा लोकांना जाचक वाटतो, आणि म्हणून साठे रातोरात मुशीत जातात. जरीच्या आणि दागिन्यांच्या या शहरात मूस शोधायला लांब जावं लागत नाही.

साठा सरकारकडे गेला, संग्राहकांत वाटला गेला किंवा अगदी दुर्दैवानं वितळला, तरी त्याची नोंद उरली पाहिजे. तापी ते गिरणा या टापूत, म्हणजे सुरत, नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांत, रुपये कुठं सापडले, कोणत्या टांकसाळीचे, किती वजनाचे, बरोबर भांडं कसलं होतं, एवढं लिहून ठेवलं तरी उरलेल्यांची मोजणी सुरू होईल. अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेतून महेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठा टांकसाळींवरचा ग्रंथ 1989 मध्ये आला. त्यातल्या अंकुशी, चांदोरी, जरिपटका या रुपयांची वर्गवारी अशाच बारीक खुणांच्या नोंदींवर उभी आहे. ते काम पुढं न्यायला पदवी लागत नाही; एक वही, ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा आणि थोडा धीर लागतो.

दुपारच्या सत्रात मागच्या टेबलावर काटा, भिंग आणि मोबाइलनं फोटो काढायची सोय केली आहे. ज्यांनी नाणी आणली आहेत त्यांनी ती तिथं मांडावीत. त्रिशूळवाला डॉलर कोणाकडे असेल तर मला आधी दाखवा. नाणं कडेनं धरा, खाली मखमल आहे. नोंदीचा छापील कागद प्रत्येकाच्या पिशवीत आहे, त्यातला ‘कुठून आलं’ हा रकाना रिकामा ठेवू नका. ‘आजीच्या डब्यातून’ एवढं लिहिलं तरी चालेल, पण आजीचं गाव लिहा.